सैल गाठीची माळ

दगडाबाईच्या बोलीत ळ नव्हता. आमच्या खाडीकाठच्या कुणाच्याच बोलीत तो नव्हता, पण तिच्या बाबतीत त्याचा घोटाळा व्हायचा, कारण तिचं कामच ळचं होतं. ती कावीळ उतरवायची. त्यासाठी डोक्यावर घालायची माळ स्वतः बांधायची. म्हणताना मात्र कावील आणि माल म्हणायची. एकदा वर्तकनगरच्या कॉलनीतून एक साहेब रिक्षा करून आला. तो दारात उभा राहिला आणि आतून दगडाबाई ओरडली, "बसा, माल बांधतंय." रिक्षावाल्याने साहेबाकडे असं पाहिलं की साहेबाचे पिवळे डोळे आणखी मोठे झाले. पुढे कुणीतरी दगडाबाईला त्या शब्दाचा शहरातला अर्थ सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "त्याला सांगा, आमचा माल चोख हाय."

मी सातवीपर्यंत शाळेत गेलो, म्हणून लिहिताना ळ येतो. बोलताना अजून येत नाही.

आमची वस्ती डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. पंचाऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट सांगतो. तेव्हा वस्तीच्या एका बाजूला भाताची खाचरं होती, दुसऱ्या बाजूला तिवरं, आणि समोर रेतीबंदर. मासळी कमी होत चालली होती, पण रेतीला मागणी होती. ठाणे, कल्याण, सगळीकडे इमारती उठत होत्या. घोडबंदर रोडला आज जे टॉवर उभे आहेत त्यांच्यातल्या जुन्यांत आमची रेती आहे. कुणाला सांगितलं तर पटत नाही.

दगडाबाईचा मुलगा उत्तम आणि मी एका होडीवर डुबी मारायचो. डुबी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. होडी खाडीच्या मधोमध नांगरायची. तिच्या कडेला लांब बांबू तळात रोवायचा. एकाने छाती भरून घ्यायची, लोखंडी बादली घेऊन बांबूला धरून तळाला जायचं, अंधारात हातापायांनी बादली भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा. वरच्याने बादली ओढायची. खालचा बांबूवरून वर यायचा. मग पुन्हा. होडी भरली की रेती काठावर वाहून टाकायची. हे काम जोडीचं आहे. वरच्याने दोरी उगाच ताणली तर खालच्याच्या हातून बादली सुटते. सैल सोडली तर तिचा पायाला वेढा बसतो. दोरी किती ताणायची हे शिकवून येत नाही, जोडीदाराबरोबर काम करून येतं. उत्तमच्या दोरीवर मी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, आणि माझ्या दोरीवर त्याने.

तो चांगला डुबीवाला होता. त्याची बादली कधी अर्धी आली नाही. खाली गेल्यावर काही जण घाईने चिखल भरून आणतात, तो रेतीच आणायचा. वर आल्यावर कान झटकायचा आणि काहीतरी बोलायचा, बहुधा मला उद्देशून शिवी. मला ऐकू यायची नाही, कारण आम्हा दोघांचेही कान कायम वाहायचे. कानासाठी बंदराजवळच्या एका डॉक्टरकडे जायचो. तो इंजेक्शन द्यायचा. काचेची सिरिंज, पितळी डबी, डबीत गरम पाणी. रांगेतल्या सगळ्यांना तीच सुई. त्या वेळी आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट जो डॉक्टर सुई देत नाही तो कसला डॉक्टर, असंच सगळे म्हणायचे.

आता दगडाबाईचं काम सांगतो.

घेटुळी नावाची वेल खाडीच्या बांधावर आपोआप उगवते. दगडाबाई तिच्या ओल्या काड्या आणायची आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करायची. काडीला भोक पाडायचं नाही. सुताच्या दुहेरी दोऱ्याचा फास टाकायचा, त्यात काडी बसवायची, गाठ ओढायची, मग शेजारची काडी. गाठ ओल्या काडीला घट्ट बसली पाहिजे, इतकी की मध्ये नख जाता कामा नये. अशी माळ पुरी झाली की ती लहानशी असायची, डोक्यावर हंडा ठेवायच्या चुंबळीएवढी. तशीच ती रोग्याच्या टाळूवर ठेवायची.

मग ती वाढायची. रोज थोडी. कानांवरून खाली यायची, गळ्यात पडायची, छातीवर, बेंबीवर. शेवटी एवढी मोठी व्हायची की खांद्यांवरून, कमरेवरून खाली सरकायची. त्या दिवशी रोग्याने ओटीवर उभं राहायचं, माळ पायांशी पडू द्यायची आणि तिच्यातून बाहेर पाऊल टाकायचं. पाऊल बाहेर पडलं की दगडाबाई मोठ्याने म्हणायची, "उतरली." एवढा एकच शब्द. सगळ्या ओटीला ऐकू जायचा. मग ती माळ ओहोटीच्या पाण्यात सोडायची, म्हणजे ती समुद्राकडे जाईल, परत येणार नाही.

हा शब्द ती आधी कधीच म्हणायची नाही. विठ्ठलवाडीचा एक कापडवाला आला होता. त्याच्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं. गाठी जरा सैल बांधा, म्हणजे लवकर उतरेल, असं तो गयावया करत होता. दगडाबाईने त्याच्या डोक्यावर ठेवलेली माळ उचलून घेतली. म्हणाली, "लग्नाला जा. तिथं जेव. मग परत ये, चौघांच्या खांद्यावरून." तो घरी बसला. लग्नाला गेला नाही. पुढे दर दिवाळीला त्याच्याकडून मिठाई यायची.

मी दोरीवरचा माणूस. काडी सुकली की आक्रसते, फास ढिला होतो आणि दोरा लांबतो, हे मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं होतं. एकदा धीर करून तिला विचारलं. आम्ही तिला काकी म्हणायचो. म्हटलं, काकी, माळ तर खुंटीवर टांगली तरी वाढेल.

ती काड्या कापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मना काय डोले नाय? काडी सुकते ते मना ठाव हाय. पन डोक्यावर माल असताना कोन गुत्त्यावर जाईल? कोन पान्यात उतरेल? कोन बाय उन्हात मासली इकत बसेल? माल मानसाला घरी बसवते. बसलेला मानूस बरा व्हतो."

पथ्य तिचं कडक होतं. तेल नाही, दारू नाही, मासळी नाही. उसाचा रस, ताक, भाजलेले चणे. आमच्याकडे मासळी बंद म्हणजे अर्धा जीव बंद. उत्तम म्हणायचा, आयेची कावील मालेने उतरत नाय, चन्यांना कंटालून पलते.

एक्क्याण्णव साली उत्तमला स्वतःला कावीळ झाली. त्याच्या आदल्या वर्षी बार्जचा आकडा लागून त्याची मांडी फाटली होती आणि एका खाजगी दवाखान्यात त्याला विकतचं रक्त चढवलं होतं. त्या दोन गोष्टींची कुणी सांगड घातली नाही. दगडाबाईने माळ बांधली, त्याला घरी बसवलं, चणे चारले. माळ उतरली, डोळे पांढरे झाले, तो परत बांबूवर आला. पण बादली भरायला त्याला आधीपेक्षा वेळ लागायला लागला. वर आला की होडीच्या काठाला धरून राहायचा. मी म्हणायचो, दमलास. तो म्हणायचा, तुझं वजन ओढतोय.

त्र्याण्णवला त्याचं लग्न झालं. मुलगी मुंब्र्याच्या बाजूची, खाडीकाठचीच. नाव शेवंती. कामाला हात भरभर चालायचे आणि तोंडही. पहिल्याच शिमग्याला तिने उत्तमला सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही रेती काढता की तळाला जाऊन झोपता. दगडाबाईला ती तेव्हाच आवडली.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर उत्तमचे डोळे पुन्हा पिवळे झाले. या वेळी नुसते डोळे नाही. तो महिनोन्महिने वाळत चालला होता, ताप येत-जात होता, तोंड आतून सोललेलं असायचं. पाय मात्र सुजले होते. शेवंतीला तेव्हा दिवस गेले होते, पोट नुकतं दिसू लागलं होतं.

दगडाबाईने माळ बांधली. मी तिथे होतो. मी तिच्या हातांकडे बघत होतो, सवयीने. ती गाठ ओढत होती आणि शेवटच्या क्षणी बोट ढिलं सोडत होती. प्रत्येक काडीला. एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.  तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती माळ झपाट्याने उतरली. उत्तमने ओटीवर उभं राहून ती पायांशी पाडली आणि माझ्या खांद्याला धरून पाऊल बाहेर टाकलं. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. शेजारची गोदूबाई कुंपणापाशी येऊन थांबली होती. दगडाबाई माळेकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि उत्तमच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते हळदीसारखे पिवळे होते.

ती काही म्हणाली नाही. माळ उचलून आत गेली. खाडीत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. म्हणाली, दामा, ठाण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, उत्तमला तू धर.

तिथे प्रमोदिनी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने आमच्याएवढ्या. त्यांनी रक्त घेतलं, पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्या आधी उत्तमशी एकट्याशी बोलल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि उत्तमने स्वतः आम्हाला आत बोलावलं. म्हणाला, या दोघांना कळलं तर चालेल, बाकी कुणाला नाही.

बाईंनी सरळ सांगितलं. उत्तमच्या अंगात दोन आजार आहेत. एक पांढरी कावीळ. तिचं नाव हेपटायटिस बी. ही माळेने उतरणारी नव्हे, ही यकृतात घर करून राहते. दुसरा एचआयव्ही. दोघांचा रस्ता एकच, रक्ताचा आणि शरीरसंबंधाचा, म्हणून पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही सापडतात. आणि एक आत असला की दुसऱ्याला रान मोकळं मिळतं. पहिल्या काविळीनंतर त्याचं अंग तिला बाहेर काढू शकलं नाही, त्याचं कारण तेच असावं.

दगडाबाईने विचारलं, कुठून आला. बाई म्हणाल्या, सुईतून आला असेल, चढवलेल्या रक्तातून, बाईकडून, सांगता येणार नाही. उत्तमच्या आयुष्यात तिन्ही होतं. बंदरावरच्या मुकादमाबरोबर तो लग्नाआधी एक-दोनदा मुंबईला गेला होता, ते मला ठाऊक होतं आणि बहुधा दगडाबाईलाही. बाई म्हणाल्या, कुठून आला याचा शोध घेऊन काही उतरत नाही. दगडाबाईने मान हलवली. ते तिला पटलं असावं.

औषधाचं विचारलं तर बाईंनी खोटी आशा दिली नाही. त्या वर्षी आमच्यासारख्यांच्या हाताला लागेल असं औषध दोन्हींवर नव्हतं. त्रास कमी करता येईल, म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. पांढऱ्या काविळीवर लस आहे. शेवंतीच्या दोन्ही तपासण्या लगेच व्हायला हव्यात. तिला कावीळ नसेल तर लस देता येईल. काही असलं तर पोटातल्या मुलासाठी आधीपासून तयारी करता येईल. बाळाला जन्मल्याबरोबर पहिली सुई द्यायची. मात्र शेवंतीला मी सांगू शकत नाही, बाई म्हणाल्या, ते उत्तमने सांगायचं. उशीर करू नका.

परत येताना उत्तम रिक्षात मध्ये बसला होता. म्हणाला, सगल्यांना कावील सांगायची. पांढरी कावील. शेवंतीला पन. मग थोड्या वेळाने म्हणाला, खोटं नाय ना ते?

खोटं नव्हतं. तीच तर अडचण होती.

त्या दिवसांत दुसऱ्या आजाराचं नाव वस्तीत मोठ्याने कुणी घेत नसे. पलीकडच्या पाड्यात एक ट्रक ड्रायव्हर त्याने गेला, तेव्हा त्याची खाट जाळली, ताट-वाटी खाडीत फेकली, आणि खांदा द्यायला माणसं मिळेनात. कावीळ मात्र घरचा आजार होता. कावीळ म्हटल्यावर लोक उत्तमच्या खाटेच्या कडेला येऊन बसायचे. कुणी ऊस आणायचं, कुणी शहाळं. गोदूबाई त्याच्या कपाळाला हात लावून जायची. उत्तम बोलायचा, हसायचा. पांढरी कावीळ हे शब्द त्याच्या अंगावर पांघरुणासारखे होते. ते ओढून घेणं मलाही जमलं नसतं.

फक्त शेवंतीला सांगायचा दिवस पुढे पुढे जात होता. उत्तम म्हणायचा, उद्या सांगतो. दगडाबाई रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघायची आणि त्याने मान फिरवली की काड्या कापायला बसायची, गिऱ्हाईक नसलं तरी.

मग एका दुपारी उत्तमनेच विषय काढला, पण भलताच. मी ओटीवर दोरीचं तुटलेलं टोक विणत होतो. शेवंती अंगणात निवट्या साफ करत होती. निवटी चिखलात उड्या मारणारी मासळी, हातातून निसटते, म्हणून तिला राख लावून घासतात. उत्तम खाटेवर पडला होता. म्हणाला, "आये, माल बांध."

दगडाबाई म्हणाली, "नाय."

"गोदूबाई इचारते, दगडाबाईच्या घरात कावील आनि माल कशी नाय."

"इचारू दे."

"तुज्याच पोराला नाय बांधत?"

"तुलाच बांधली ती सैल बांधली," दगडाबाई म्हणाली. "माज्या हाताने आयुष्यात एकच माल सैल गेली. आता लोकांना दाखवायला बांधू कं?"

शेवंतीने मान वर केली. हातात राखेने माखलेली निवटी होती. म्हणाली, "मना ठाव व्हता. गाठीत माजा बोट जात व्हता."

 दगडाबाई उठली आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "तू सांगतोस कं मी सांगू?"

उत्तमने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, याही वेळी टाळेल. मग तो म्हणाला, "सांग."

दगडाबाई वळली. म्हणाली, "शेवंते, कावील खरी हाय. पन ती एकटी नाय आली."

एवढं म्हणून तिला पुढचा शब्द सापडेना. ती सगळ्या आजारांना नावाने हाक मारणारी बाई, पण हे नाव तिच्या तोंडून निघेना. तेव्हा उत्तम उठून बसला. त्याला उठून बसायला किती कष्ट पडायचे ते मी रोज बघत होतो. बसून त्याने शेवंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. दोन्ही आजारांची नावं, रस्ता, मुंबई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, लस, तपासणी. काही गाळलं नाही. चिखल आणला नाही, रेतीच आणली.

शेवंतीने विचारलं, "कवापासून?"

"ठाव नाय."

"माज्या पोटातल्याला?"

"तपासल्याबिगर कलनार नाय."

ती परत निवट्यांकडे वळली. टोपलीत होत्या तेवढ्या सगळ्या तिने साफ केल्या. शेवटची निवटी पहिल्याइतकीच नीट घासली. मग हात धुतले, पदराला पुसले, आणि मला विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं. उत्तमला काही विचारलं नाही.

पुढे बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर द्यायची, अंग पुसायची, चादर बदलायची, पण शब्द नाही. दगडाबाईशी बोलायची, माझ्याशी बोलायची, कोंबड्यांशीही बोलायची. उत्तम म्हणाला, कोंबडीला माझ्यापेक्षा मान आहे. मी म्हटलं, कोंबडी अंडं देते.

तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो, शेवंती, दगडाबाई आणि मी. कावीळ नव्हती. दुसरं नव्हतं. बाई म्हणाल्या, दुसऱ्याची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर काळजी घ्यायची. लसीची पहिली सुई त्याच दिवशी दिली. शेवंतीने सुईकडे बघून विचारलं की नवी आहे ना. बाईंनी तिच्यासमोर पाकीट फोडलं.

घरी आल्यावर ती सरळ खाटेपाशी गेली. उत्तम तिच्या तोंडाकडे बघत होता. ती म्हणाली, "केस काप ते. भूत दिसतंस." त्यावरून त्याला निकाल कळला. तो रडला. मी बाहेर आलो.

वस्तीला कळायचं ते कळलंच. आम्ही कुणी सांगितलं नाही. दगडाबाईने पोटच्या पोराला पुन्हा माळ बांधायचं नाकारलं, एवढ्यावरून लोकांनी हिशोब लावला. जी बाई परक्या कापडवाल्याला माळ बांधते ती मुलाला बांधत नाही, म्हणजे ती कावीळ नव्हे. ऊस यायचा थांबला. शहाळी थांबली. गोदूबाई कुंपणापर्यंत यायची, पण कुंपणाच्या आत नाही. दगडाबाईच्या ओटीवर सोमवारी रांग असायची, ती आटली. हे होणार हे तिला नाही म्हणतानाच ठाऊक होतं. माळ बांधली असती तर तिचं नाव राहिलं असतं आणि शेवंती अंधारात राहिली असती. दोन्हींतलं तिने निवडलं, आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

ओटी अगदीच सुनी पडली असंही नाही. लांबचे लोक यायचे, ज्यांना वस्तीतलं काही ठाऊक नसायचं. त्यांचं डोकं बघायच्या आधी दगडाबाई आता त्यांचे डोळे बघायची. पापणी अंगठ्याने खाली ओढून. मग विचारायची, "रगत तपासलं कं? आधी ते. मग माल." काही जण परत यायचे, काही नाही. जे यायचे त्यांची गाठ ती पूर्वीसारखीच घट्ट ओढायची. मी पाहिलं आहे. नख जात नसे.

उत्तम अठ्ठ्याण्णवच्या शिमग्याच्या आधी गेला. ते इथेच सांगून टाकतो. खांदा द्यायला बंदरावरचे रेतीवाले आले. बोलावलं नव्हतं तेही आले. तोवर बंदरावर सक्शन पंप आला होता आणि डुबीचं काम संपत आलं होतं. बांबू, बादली, दोरी, सगळं एका शेडमध्ये पडून राहिलं. आता खाडीत पंपही नाही आणि रेतीही फारशी नाही. काठावर पेव्हर ब्लॉक टाकले आहेत, बाकं बसवली आहेत. मी सकाळी तिथे बसतो. भरती-ओहोटी मात्र पूर्वीच्याच वेळेला होते.

पण मला सांगायचं आहे ते उत्तम असतानाचं.

शेवंतीला मुलगी झाली, ठाण्याच्या त्याच दवाखान्यात, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात. जन्मल्याबरोबर तिला लसीची सुई दिली. शेवंतीची दुसरी तपासणीही तोवर स्वच्छ आली होती. मुलीचं नाव उत्तमने आधीच ठरवून ठेवलं होतं, रतन. त्याला दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं, तो घरी खाटेवर होता.

दोन दिवस सगळं ठीक होतं. मग बाळाचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग तोंड, मग छाती. दगडाबाईने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. ती बाळाला घेऊन तशीच उठली, नर्सला न विचारता वऱ्हांड्यातून चालत प्रमोदिनीबाईंच्या खोलीत शिरली. मी मागे होतो. तिने बाळ त्यांच्या टेबलावर ठेवलं. कागद होते त्यांच्यावरच.  वर्षानुवर्षं कावीळ बघितलेली बाई ती, पण तिच्या तोंडून एकच प्रश्न निघाला.

"एकटी हाय कं?"

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी बाळाची पापणी उघडून पाहिली, छाती बोटाने दाबून पाहिली, तळपाय पाहिले, आईचे कागद पुन्हा वाचले. उगाच धीर द्यायचा म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "एकटी आहे, आजी. नवजात बाळांना होते ती. अंगावर दूध पाजा, लक्ष ठेवा. वाढली तर लगेच आणा. पण एकटीच आहे."

दगडाबाई खाली जमिनीवर बसली. बाईंनी तिला पाणी दिलं.

घरी आल्यावर ती रोज सकाळी रतनला घेऊन अंगणात बसायची, पालथ्या घातलेल्या आमच्या होडीवर. उत्तमची खाट आम्ही दारात ओढून आणली होती. कोवळं ऊन यायचं. दगडाबाई नातीचे कपडे काढायची, पाय बघायची, पोट बघायची, शेवटी पापणी. लोकांनी आणून दिलेल्या पिवळ्या बाळांना ती माळेऐवजी घेटुळीची काडी दाखवायची, हिला काही दाखवलं नाही. नुसती बघायची. पिवळेपणा आधी पायांवरून गेला. मग पोटावरून. मग छातीवरून. डोळे राहिले होते.

दगडाबाई मला म्हणाली, दामा, ही उलटी उतरते बघ. पायांतून वर.

मग एका सकाळी तिने पापणी ओढली आणि बराच वेळ धरून ठेवली. बाळ ओरडलं. खाटेवरून उत्तमने विचारलं, काय झालं. त्याला मान उचलायलाही तेव्हा जमत नव्हतं, पण त्याने उचलली. शेवंती चुलीपाशी होती, ती दारात आली.

दगडाबाईने बाळाला दोन्ही हातांवर धरून उत्तमकडे वळवलं, त्याला डोळे दिसतील असं. आणि तो शब्द म्हणाली, ओटीवर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कुंपणापलीकडे गोदूबाईलाही गेला असेल.

"उतरली."